स्वतःच्या वजनावर

एमिल सोव्हाच्या डोक्यावरून आयुष्यभर गाड्या गेल्या. खरोखरच डोक्यावरून. कारखान्यात त्याची जागा अशी होती की गाडीचा सांगाडा वरच्या साखळीला लोंबकळत यायचा. एमिल हात उंच करून मागच्या डाव्या बाजूला स्प्रिंग आणि दांडे बसवायचा, बोल्ट फिरवायचा, आणि गाडी तशीच अधांतरी पुढे जायची. फरशीवर एक पिवळी रेघ होती. तिच्यापलीकडे दुसऱ्यांचं राज्य. तीसेक वर्षांत त्याने लाखो गाड्यांना मागचा डावा पाय दिला, पण त्यांतली एकही जमिनीवर पाय टेकताना त्याने पाहिली नाही. सुट्टीची घंटा झाली की तो डबा उचलून घरी यायचा.

आता निवृत्त होऊन तो मुलीकडे, डोरीनकडे, अमेरिकेतल्या वायंडॉट गावी राहत होता. डोरीन शाळेची बस चालवायची. दिवसभर एवढं मोठं पिवळं धूड हाकून तिला संध्याकाळी काहीतरी तिखट हवं असायचं, म्हणून तिने एक मस्टँग घेतली. वापरलेली, राखाडी, आणि बापाच्याच कारखान्यातून निघालेली. गाडीत जोर भरपूर होता. खोट एकच, की ती उंच उभी राहायची. चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये एवढी फट, की डोरीन म्हणायची, यात शेजारणीची मांजर बाळंत होईल.

त्या भागात हे चालत नाही. तिथे गाडी कशी उभी आहे यावरून माणसाची परीक्षा होते. गाडी जमिनीला लगटून असावी, शेपटीपेक्षा नाक किंचित खाली असावं. मांजर झडप घालण्याआधी दबते, तशी. आणि येत्या शनिवारी फोर्ट स्ट्रीटवर गाड्यांची मिरवणूक होती. त्या दिवशी सगळं गाव रस्त्याच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसतं आणि येणाऱ्याजाणाऱ्या गाडीला नावं ठेवतं.

डोरीनने आखूड स्प्रिंगा मागवल्या आणि त्या बसवायला गॅरेजवाल्याची वेळ घेतली. जेवताना एमिलच्या कानावर हे आलं. त्याने काटा खाली ठेवला.

"हिच्या पायाला परका माणूस हात लावणार? मी काय मेलो का?"

डोरीनने बापाकडे पाहिलं. गोळी घेतलीस का, यापलीकडे त्याला कित्येक महिन्यांत कुणी काही विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "ठीक आहे डॅड. पण शुक्रवारी संध्याकाळपर्यंत ती नीट बसली पाहिजे. नाहीतर शनिवारी पहाटे मी ती गॅरेजवाल्याकडे नेणार, आणि मग तू एक शब्द बोलायचा नाहीस."

एमिलने मान डोलावली. अट साधी होती, काम नव्हतं. आजवर त्याच्या वाट्याला एक कोपरा आला होता. आता चारही आले होते. हे जमलं नाही, तर तीस वर्षं आपण फक्त एक बोल्ट फिरवला, असंच म्हणावं लागणार होतं.

बुधवारी त्याने घरच्या गॅरेजात गाडी जॅकने उचलून चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी तिवयांवर, ठेवली आणि चाकं काढली. चारही पाय खाली लोंबू लागले तसा तो खुलला. गाडी म्हणजे अशीच, त्याच्या ओळखीची. पुढच्या जुन्या स्प्रिंगा त्याने शिकंज्यात आवळून जपून काढल्या, नव्या बसवल्या, मग मागच्या. शेवटी एकेक बोल्ट त्याने सगळा जोर लावून कच्च आवळला. चाकं चढवली, गाडी खाली घेतली, आणि गॅरेजचं दार उघडून डोरीनची वाट पाहत बसला.

डोरीन आली. तिने गाडीभोवती एक फेरी मारली.

"डॅड, ही तर थंड पाण्यात उतरणाऱ्या बाईसारखी झगा वर धरून उभी आहे."

खोटं नव्हतं. पुढून गाडी थोडी खाली आली होती, पण मागची बाजू ताठच होती, आणि डावी उजवीपेक्षा बोटभर वर. एमिल म्हणाला, नवी स्प्रिंग आहे, चालवल्याशिवाय बसत नाही. गुरुवारी तो नदीकाठाने दूरवर जाऊन आला. गाडी खड्ड्याखड्ड्याला कुरकुरली, पण खाली काही येईना. तेव्हा त्याने स्प्रिंगवाल्यांनाच दोष दिला, की चुकीच्या पाठवल्या. डोरीनने खाली वाकून स्प्रिंगेवरचा नंबर वाचला. नंबर बरोबर होता. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा दबका आवाज आला. ती गॅरेजवाल्याशी फोनवर बोलत होती. एमिलने टीव्हीचा आवाज वाढवला.

शुक्रवारी सकाळी तो क्लीटस ब्रॅडफर्डकडे गेला. क्लीटस म्हणजे पिवळ्या रेघेच्या पलीकडचा पहिला माणूस. दोघांनी तीस वर्षं चार पावलांवर काम केलं, पण बोलणं झालं ते बेसबॉलवर आणि बायकांवर. क्लीटस अंगणात मासे साफ करत होता. एमिलने सगळं सांगितलं. क्लीटसने सुरी पुसली.

"बोल्ट आवळलेस तेव्हा चाकं जमिनीवर होती?"

"जमिनीवर कशाला असतील? गाडी वर होती. नेहमीसारखी."

क्लीटस हसायला लागला आणि हसता हसता त्याला खोकला आला. "अरे पोलंडच्या गाढवा. तू बोल्ट नुसते लावायचास. रेघेच्या अलीकडे कुणीच ते आवळत नव्हतं. माझं यंत्र खालून पाय वर दाबायचं, गाडी उभी राहिल्यावर जेवढे दबतील तेवढे, आणि मग मी आवळायचो. तुला काय वाटलं, मी तिथे काय करत होतो?"

"तपासत होतास."

"तीस वर्षं?"

क्लीटसने मग हातवारे करून समजावलं. दांड्याच्या टोकाला जाड रबर असतं, बोल्ट त्याच्यातून जातो. ज्या जागी आवळशील ती जागा रबर आपली मानतं. लोंबत्या पायाने आवळलंस, तर ते गाडीला जन्मभर वर ढकलत राहणार. "हात वर करून कोट शिवून घेतलास, तर हात खाली केल्यावर तो काखेत ओढणारच."

मासे बर्फात टाकून क्लीटस त्याच्याबरोबर आला. येताना त्याने लाकडाचे जाड ठोकळे आणले. दोघांनी गाडी चाकांसकट त्या ठोकळ्यांवर उभी केली, म्हणजे सगळा भार चाकांवर आणि खाली माणूस सरपटेल एवढी जागा. क्लीटस म्हणाला, मी जातो खाली, माझं काम आहे. एमिल म्हणाला, नाही.

तो पाठीवर झोपून आत सरकला आणि एकेक बोल्ट सैल करू लागला. प्रत्येक बोल्टाला गाडी हलकेच कण्हायची. मागचा डावा त्याने शेवटी ठेवला होता. त्याने पान्याला हिसका दिला, आणि गाडी बसली.

फार नाही, बोटभर. पण तो एवढा थोरला लोखंडाचा जीव त्याच्या चेहऱ्याच्या दिशेने हळूच खाली आला, दमून आलेली म्हैस पाय दुमडून बसते तसा, एक लांब श्वास सोडत. स्प्रिंगेचे वेढे एकमेकांजवळ आले आणि थांबले. दांडा आडवा झाला. टायर ठोकळ्याशी किंचित फुगला. एमिलचा हात तसाच वर राहिला. तो या भागाच्या खाली आयुष्यभर उभा होता, पण याच्यावर ओझं कधी पाहिलं नव्हतं. आपण बसवलेली प्रत्येक वस्तू कशासाठी होती, ते त्याला दिसलं. काहीही हलत नव्हतं आणि सगळं काम करत होतं. त्याला लहानपणी चर्चच्या घुमटाखाली मान वर करून उभं राहिल्याची आठवण झाली.

"मेलास का?" बाहेरून क्लीटसने विचारलं.

"थांब जरा," एमिल म्हणाला. "बघतोय."

क्लीटस थांबला. मग दोघांनी मिळून, एकाने एका बाजूने आणि दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने, सगळे बोल्ट आवळले.

डोरीन आली तेव्हा ऊन कललं होतं. तिने गाडी ठोकळ्यांवरून उतरवली, रस्त्यावर नेऊन उभी केली आणि खाली उतरली. गाडी दबून बसली होती. नाक खाली, खांदे पुढे, चाकं मडगार्डाच्या पोटात गेलेली. इंजिन बंद होतं, तरी समोरून चालायला भीती वाटावी. पलीकडच्या घरातली म्हातारी कुत्र्याला घेऊन निघाली होती, ती वाटेत थांबली आणि कुत्राही थांबला. डोरीनने मागच्या डाव्या चाकावरच्या फटीत बोटं घालून पाहिली. दोन गेली, तिसरं गेलं नाही.

ती आत गेली आणि गॅरेजवाल्याला फोन करून म्हणाली की उद्या येत नाही, घरीच झालं. या वेळी आवाज दबका नव्हता.

शनिवारी तिने बापासाठी आपल्या शेजारच्या सीटचं दार उघडून धरलं. एमिल आत बसेना.

"डॅड, आता काय झालं? तुझ्यासाठी तर सीट पुसली."

"आत बसलं की दिसत नाही," तो म्हणाला. "मी रस्त्यावरून बघणार."

डोरीन हिरमुसली, मग हसली. गॅरेजपुढच्या उतारावरून तिने गाडी तिरकी तिरकी काढली, म्हणजे नाक घासू नये, आणि गेली.

फोर्ट स्ट्रीटच्या कडेला एमिल आणि क्लीटस खुर्च्या टाकून बसले. गाड्या येत होत्या, जात होत्या. दुपारी ती राखाडी गाडी जमिनीला चिकटल्यासारखी सावकाश सरकत आली, तसे पुढच्या खुर्च्यांवरचे लोक उठून उभे राहिले. डोरीनने यांच्याकडे पाहिलं नाही. एवढ्या रुबाबात असताना बघायचं नसतं. एमिलने तिला वळेपर्यंत पाहिलं.

मग तिच्यामागून त्याच कारखान्याची एक लाल आली, एक पिवळी, दोन काळ्या. एमिल खुर्चीत पुढे सरकला.

"क्लीटस, यांतली माझी कुठली असेल?"

"मागचं डावं चाक बघ," क्लीटस म्हणाला. "सगळ्याच."

एमिलने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि प्रत्येक गाडी पुढे गेल्यावर मान वळवून तिचं मागचं डावं चाक बघू लागला.