चेरीचं पथ्य

बिरोबाच्या जत्रेच्या तोंडावर दत्तोबांचा अंगठा सुजला. उजव्या पायाचा. एरवी ही घरगुती बाब; पण पालखीचा पहिला खांदा त्यांच्या घराचा, आणि पालखी अनवाणी न्यायची. दत्तोबा उभे राहिले नाहीत तर मान चुलतभाऊ अप्पाकडे जाणार होता. अप्पा रोज सायकलवरून अंगठ्याची चौकशी करायला यायचा. एवढी माया त्याने उभ्या आयुष्यात दाखवली नव्हती.

बारामतीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. "गाऊट आहे. युरिक ॲसिड वाढलंय. या गोळ्या घ्या. मटण बंद, दारू बंद, गोड कमी."

दत्तोबांनी गोळ्या तेवढ्या खिशात घातल्या आणि बाकीचा सल्ला दवाखान्यातच ठेवला. घरी आल्यावर गोळ्याही फळीवर ठेवल्या.

जळोचीच्या, झाडपाल्याचं औषध देणाऱ्या रंगूबाईंनी आवळा-हरड्याचा काढा दिला. तो तुरट लागला म्हणून दत्तोबांनी त्यात वाटीभर काकवी ओतली. अंगठा आणखी फुगला.

मुलगी माधवी बारामतीला बी.एस्सी. करत होती. तिने कॉलेजच्या लायब्ररीत शोधलं आणि सांगितलं, "तात्या, अमेरिकेत एका डॉक्टरनं लिहिलंय, चेरी खाऊन काही रोग्यांना आराम पडला. पण रोगी मोजकेच होते. त्यावरून काही सिद्ध होत नाही."

दत्तोबांनी 'अमेरिका' आणि 'आराम' एवढंच ऐकलं. बारामतीच्या बेकरीतून केकवर लावायच्या लालभडक चेऱ्यांचा डबा आला.

डबा बघून माधवी बेकरीत विचारून आली. "तात्या, ही चेरी नव्हं. करवंद हाय. साखरेत उकळून रंगवलेलं."

"म्हंजी आपलंच की! अमेरिकेला आत्ता कळलं."

"आवो, पण साखर?"

"साखरंला नाव ठिवू नगं. कारखान्याचा सभासद हाय मी."

तिकडे दत्तोबांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, आपलं शास्त्र लावलं. औषध म्हटलं की पथ्य. पथ्याशिवाय औषध अंगी लागत नाही, हे त्यांच्या माहेरी मेंढरांनासुद्धा ठाऊक. "डबा चालू हाय तवर घरात मटण न्हाय, आन् बाटली तर न्हायच न्हाय." डॉक्टरांचं न ऐकणारे दत्तोबा हे मात्र निमूट पाळू लागले. पथ्य चेरीचं होतं.

अंगठा उतरला. दत्तोबा अंगणात अनवाणी फिरून दाखवू लागले. अप्पा सायकल भिंतीला टेकवून खिन्नपणे बघायचा.

डबा संपला, औषध संपलं. औषध संपलं की पथ्य सोडायचं असतं, आणि पथ्य कोरडं कुणी सोडत नाही. बोकड पडला. भावकी जेवली, अप्पाही जेवला. दत्तोबांनी काळीज आणि गुर्दे मागून घेतले. नंतर पाहुण्यांना सोबत म्हणून थोडी बाटलीही झाली.

जत्रेच्या सकाळी अंगठ्यावरची चादरसुद्धा सहन होईना.

माधवी म्हणाली, "मटणानं झालं."

"खुळी हायेस. डबा संपला म्हणून झालं," दत्तोबा म्हणाले. मग हलगी जवळ आली.

पालखी दारावरून गेली. पहिल्या खांद्याला अप्पा होता. भंडारा उधळला, थोडा बाजेपर्यंत आला. दत्तोबांनी तो कपाळाला लावला आणि तोंड भिंतीकडे केलं.

लीलाबाई फळीवरच्या गोळ्या घेऊन आल्या. डब्याच्या तळाशी एक करवंद चिकटलेलं होतं; त्यात गोळी दाबून बसवली. आजारी मेंढराला त्यांच्या माहेरी गुळातून औषध देत, तसं.

"ही शेवटची चेरी हाय. आ करा."

दत्तोबांना करवंदातली गोळी दिसली होती. त्यांनी आ केला.

पुढं बेकरीतून नवा डबा आला, रोज गोळी करवंदातून गेली, आणि पथ्यही बिनबोभाट परत आलं. अंगठा हळूहळू उतरला.

बऱ्याच दिवसांनी अप्पा आला. सायकल हातात धरून, चालत.

"दत्तोबा, पाय कसा हाय?"

"उतरला."

"कशानं?"

"चेरीनं."

अप्पाने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच डाव्या पायातली चप्पल काढली.

"एखादा डबा हाय का?"

दत्तोबांनी तो अंगठा डोळे भरून पाहिला.

"बस की," ते मायेनं म्हणाले. "रोज येत जाईन मी चौकशीला."