उपकारस्तुतीची चाल

टॉर्कलने काळ्या कोटाच्या बाहीत हात असा खुपसला की आतलं अस्तर टरकन फाटलं. पाळकसाहेब समोरच उभे होते. ख्रिस्ती देवळामागच्या त्या खोलीत दोन माणसांना एकमेकांकडे पाठ फिरवायलाही जागा नव्हती.

"आज उपकारस्तुतीचा सोमवार," पाळक म्हणाले. "स्तोत्र दरवर्षीचंच घेऊ. तुम्हाला जड जाईल, ठाऊक आहे मला. पण टॉर्कल, आभार मानत राहिलं ना, की मन पुन्हा टवटवीत होतं. मी स्वतः अनुभवलंय."

"तुमची बायको घरी आहे ना?"

"हो, आहे."

"मग अनुभवा."

टॉर्कलची बायको एफी फेब्रुवारीत वारली होती. शेवटी शेवटी तिला पाण्याचा घोटही गिळवत नव्हता, आणि हा लालबुंद गालांचा माणूस टवटवीतपणाच्या गोष्टी सांगत होता. टॉर्कलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाळकावरचा राग एक वेळ परवडला, पण देवावरचा राग नेऊन ठेवायचा कुठे? त्याने मनाशी ठरवून टाकलं. आजचं गाणं शेवटचं. यापुढे हे देऊळ नको आणि हे आभारही नकोत.

लुइस बेटावरच्या त्या देवळात वाद्य वाजत नाही. पुढे बसलेला एक जण ओळ उचलतो आणि बसल्या बसल्या सगळी मंडळी ती त्याच्यामागून म्हणतात. स्तोत्र कुठलं ते पाळक ठरवतात, पण चाल गाणाऱ्याची. तिथे पाळकाची मात्रा चालत नाही. उपकारस्तुतीचं स्तोत्र टॉर्कल वर्षानुवर्षं एकाच हसऱ्या, भरभर चढणाऱ्या चालीत गात आला होता. एफीला ती फार आवडायची.

आज त्याने व्यासपीठाखालच्या आपल्या जागेवर बसून घसा साफ केला आणि मयताच्या घरची चाल उचलली. शवपेटी दारात असते, खुर्च्या बाहेर काढलेल्या असतात, तेव्हा म्हणतात ती. घे तुझे आभार, तो मनात म्हणाला.

वर व्यासपीठावर पाळकांचं पानं चाळणं थांबलं. पुढच्या बाकावरच्या वडीलमंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. टॉर्कलला दुष्ट आनंद झाला. आता गा म्हणावं, बघू कसे गाता ते.

आणि ते गायले. पहिल्या ओळीला क्षणभर चाचरले, मग मागच्या बाकांवरून आवाज उठला आणि प्रत्येक जण आपापल्या हरकती घेत त्यात उतरला. तो आवाज ओसरेपर्यंत टॉर्कलला पुढची ओळ देता येईना. दरवर्षी याच स्तोत्राला लोक घड्याळाकडे बघायचे. आज कुणी मानही हलवली नाही.

खिडकीशी डोलिना बसली होती. तिच्या दोन्ही मुलांची होडी परत आली नाही, तेव्हापासून या एका स्तोत्राला ती ओठ मिटून बसायची. गावाला ते माहीत होतं आणि गावाने तिला कधी टोकलं नव्हतं. आज ती गात होती. हनुवटी वर करून, कुणाला तरी खडसावल्यासारखी गात होती. टॉर्कलच्या डोळ्यांना धारा लागल्या, त्याचाही त्याला राग आला. त्याने शेवटची ओळ दात-ओठ खात दिली.

बाहेर बोचरं वारं सुटलं होतं. दाराशी पाळक सगळ्यांशी हात मिळवत होते, त्यांनी टॉर्कलकडे पाहायचं टाळलं. तो भिंतीच्या कडेने निघाला, तर डोलिना आडवी आली.

"इतकी वर्षं कुठे ठेवली होतीस ही चाल?"

"मयताची चाल आहे ती, डोलिना."

"मला कळत नाही होय? इतकी वर्षं त्या नाचऱ्या चालीत आभार मानायला लावलेस आम्हाला. ज्यांच्या घरची सगळी माणसं रात्री जेवायला येतात, त्यांची चाल ती. तुला काय, एफी होती घरी."

टॉर्कल भिंतीच्या दगडांकडे वळला.

"मी रविवारी येणार नाहीये," तो म्हणाला.

"का?"

"राग आलाय मला. त्याचा."

"मग मी काय लाडात येते इथे?" डोलिनाने डोक्यावरचा रुमाल घट्ट केला. "रागावूनच ये. पण पट्टी जरा खाली धर. आम्हा म्हाताऱ्यांचा आवाज चिरकतो वर."

ती चालू लागली. फाटकापर्यंत पोचली तेव्हा मागून त्याचा आवाज आला, अजून तसाच रागीट.

"किती खाली?"