दोन केबल, एक कार्ड

मित्रांनो, मी एक जुना स्विच आहे. पण दिवा लावण्याचा नव्हे, संगणकांच्या जाळ्यातला. शिवमोग्ग्याच्या एका रुग्णालयात, तळमजल्यावरच्या थंड खोलीत मी उभा असतो. माझ्या पोटात आडवे खण आहेत. प्रत्येक खणात एक कार्ड बसते आणि कार्डात केबल. एक कार्ड बिघडले तर तेवढेच काढता यावे, म्हणून कारखान्यात मला असे घडवले.

माझे काम निरोप पोहोचवण्याचे. समोरच्या इमारतीत अपुऱ्या दिवसांची बाळे काचेच्या पेट्यांत झोपतात. त्यांचे श्वास एका केबलमधून माझ्याकडे येत आणि माझ्यातून परिचारिकांच्या मोठ्या पडद्यावर जात.

एकदा ती केबल उंदराने कुरतडली. मग तिप्पेश इंजिनिअरने जोडीला दुसरी आणली. नुसती खोचून भागत नाही. दोघी मिळून एकच वाट आहे, हे दोन्ही टोकांच्या स्विचना सांगावे लागते. समोरच्या इमारतीतून त्याची सहकारी गुलनाझ फोनवर होती.

"माझ्याकडे जुडी बांधून झाली. तुझ्याकडे?" तिप्पेशने विचारले.

"झाली. पण अण्णा, इथे माझ्या स्क्रीनवर दिसतंय, दोन्ही एकाच कार्डात लावल्यात?"

"शेजारी शेजारी छान दिसतात गं. साहेब बघायला येणार आहेत."

"मग रांगोळीही काढा."

तो हसला. साहेब आले, एक केबल उपटून पाहिली. दुसरीने भार उचलला. सर्वांनी माझी वाहवा केली. कार्ड मात्र कुणी उपसून पाहिले नाही.

पुढे सगळे मला विसरले. माझ्या पंख्यांवर धूळ साचत गेली आणि एका दुपारी ते कार्ड तापून बंद पडले. दोन्ही केबल शाबूत होत्या, दोन्ही मुक्या झाल्या. पडदा काळा पडला. पुढचे मी नंतर ऐकले. बाळांच्या खोलीत तेव्हा एकच परिचारिका होती आणि तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. मुख्य परिचारिका विशालाक्षी अक्का तिकडे धावल्या. पेटीतल्या एका मुलीचा श्वास थांबला होता. अक्कांनी तिच्या तळव्यावर टिचकी मारली, पुन्हा मारली. मग तिने श्वास घेतला.

संध्याकाळी तिप्पेशने माझी धूळ पुसली, नवे कार्ड बसवले आणि दोन केबल दोन वेगळ्या कार्डांत लावल्या. दिसायला ते ओबडधोबडच होते. अक्का दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आता चालेल ना?"

"चालेल, अक्का."

"मागेही हेच म्हणाला होतास. माझ्यासमोर एक कार्ड उपस."

"आत्ता? बाळं आहेत तिकडे."

"म्हणूनच. प्रत्येक पेटीपाशी माझी एकेक नर्स उभी केलीय. उपस."

 त्याने कार्ड ओढले. अक्कांनी पडद्यापाशी बसलेल्या रेणुकाला फोनवर विचारले, "काय दिसतंय?"

"एकदा अडखळलं, अक्का. आता सगळं दिसतंय."

अक्कांनी फोन ठेवला. स्टूल ओढून खाली बसल्या.

मित्रांनो, लवकरच माझ्या जागी नवे यंत्र येईल. तुमच्यापाशी दोन आधार असतील, तर ते दोन्ही कशावर टेकले आहेत ते हात लावून पाहा. आणि आम्हा यंत्रांची धूळ पुसत जा. आमच्या पलीकडच्या टोकाला कोण झोपले आहे, ते आम्हांला दिसत नाही. तुम्हांला दिसते.