नवसाचा मेंढा

आश्रुबानं मेंढ्याच्या पाठीवर तिसरा तांब्या ओतला, तरी मेंढा अंग झाडायला तयार नव्हता. पेडगावची रीतच होती: नवसाच्या जनावरावर पाणी घालायचं, त्यानं अंग झाडलं की देवीचा कौल मिळाला. पण आज हा कौल परभणीच्या दवाखान्याच्या अंगणात लागत होता, आणि हैदराबादेहून आलेले डॉक्टरसाहेब हातात सुई घेऊन खोळंबले होते.

आश्रुबाची सून कोकिळा बाळंतपणानंतर तापानं फणफणली होती. तिला बैलगाडीत घालताना त्यानं मरीआईला मेंढा बोलला, आणि घरी राखायला कुणी नाही म्हणून मेंढ्यालाही गाडीत घेतलं. शेजारच्या खोलीत कचेरीतले पेशकार व्यंकटराव तसल्याच तापानं पडून होते. दोघांच्या रक्तात साखळीसारखे जंतू, आणि नव्या लाल गोळ्या मात्र एकाच माणसाला पुरतील एवढ्या. डॉक्टरांनी समजावलं की या जंतूंच्याही जाती असतात. एक जात गोळ्यांना बधते, दुसरी बधत नाही. काचेच्या ताटलीत मेंढ्याचं रक्त घालून जंतू वाढवले की जात कळते. दवाखान्याचा मेंढा नेमका नुकताच मेला होता.

आता सुई टोचलेला मेंढा म्हणजे देवीला उष्टं वाढणं. इकडे आड तिकडे विहीर! शेवटी आश्रुबानं देवीलाच विचारायचं ठरवलं.

"आश्रुबा, कानात पाणी सोड की त्याच्या," खिडकीतून व्यंकटराव म्हणाले. "देवीलाबी कामं हायत."

आश्रुबानं सोडलं. मेंढ्यानं असं अंग झाडलं की डॉक्टरांचा कोट चिंब भिजला. सगळा दवाखाना हसला, व्यंकटराव तर खोकला येईपर्यंत हसले.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी ताटल्या दाखवल्या. कोकिळेच्या ताटलीत जंतूंच्या ठिपक्यांभोवतीचं रक्त विरघळून आरपार दिसत होतं. व्यंकटरावांच्या ताटलीत ठिपक्यांना हिरवट कड होती, कल्हई उडालेल्या भांड्याला चढते तशी. गोळ्या कोकिळेला लागू पडणार होत्या. व्यंकटरावांचे जंतू काळजात घर करून बसले होते, आणि त्यांच्यावर अजून औषधच निघालं नव्हतं.

आश्रुबाला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. व्यंकटरावांना ताटलीचा निकाल कळला होता. ते एवढंच म्हणाले की लाल गोळ्या फार कडू असतात म्हणे, बरं झालं सुटलो. मग त्यांनी रोजच्यासारखी आपल्या भाकरीतली अर्धी मेंढ्याला घातली.

आठवड्यात कोकिळेचा ताप उतरला. ती पिठलं मागायला लागली, बाळ अंगावर पिऊ लागलं. घरी जायचा दिवस आला, गाडी जुंपली.

"मामा, मेंढा इसरला की," कोकिळा म्हणाली.

मेंढा व्यंकटरावांच्या खिडकीखाली बांधलेला होता.

"इसरलो न्हाई," आश्रुबा म्हणाला. "आईला बोललोय, पेशकारसाहेब बरे होऊन घरी गेले की मगच कापतो. तवर हितंच ऱ्हाऊ दे. डॉक्टरलाबी लागतोय."

आत खाटेवर व्यंकटराव उठून बसले. "अरे, मग तुझा मेंढा म्हातारा होऊन मरायचा."

"होऊ द्या की, मालक. आईला मी समजावतो."

व्यंकटराव खिडकीशी सरकले. मग त्यांनी उशाशी ठेवलेली भाकरी मोडली आणि अर्धी गजांतून खाली धरली.