आठव्या चौकोनातलं तळं

आमचं मिनेओका हे शहर आहे, कारण वीस वर्षांपूर्वी डोंगरातली चार गावं कागदावर एकत्र केली आणि लोकसंख्येची बेरीज शहराएवढी झाली. त्यानंतर बेरीज कमी होत गेली, पण कागद तसाच आहे. मी या शहराच्या नगरपालिकेत पर्यटन विभागाचा उपप्रमुख आहे. विभागात आम्ही तिघं असल्यामुळे उपप्रमुख होणं फार अवघड गेलं नाही.

दर वसंतात आम्ही एक पत्रक काढतो: 'मुलाबाळांसह मिनेओका – आठ ठिकाणं'. पत्रकाच्या मागे आठ रिकामे चौकोन असतात आणि प्रत्येक ठिकाणी दोरीला बांधलेला एक रबरी शिक्का असतो. आठही चौकोन भरले की मुलाला दप्तराला अडकवायचं एक लाकडी अस्वल मिळतं. त्या बोटभर अस्वलासाठी बापमंडळी दिवसभर घाटात गाडी चालवतात आणि मागच्या सीटवर मूल ओकत असतं, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे, की आता अस्वलाकडे बघवत नाही.

ठिकाणं वाईट नाहीत. घसरगुंडी चौऱ्याण्णव मीटर लांब आहे. शेजारच्या शहराची पंचाण्णव मीटर आहे, पण ते आम्ही लिहीत नाही. रोपवे वारा नसेल तेव्हा चालतो. वारा असतो. धरणाच्या संग्रहालयात बटण दाबलं की छोटं धरण पाणी सोडतं. बटणापाशी मुलांची रांग असते आणि बाकांवर झोपलेल्या बापांची. लोककला भवनात पेंढ्याचा रेनकोट घालून फोटो काढता येतो, तो घातल्यावर दोन दिवस अंग खाजतं. आणि असंच आणखी तीन. आठवं म्हणजे ओगिवारांचं ट्राउट माशांचं तळं.

हे तळं नदीच्या वरच्या अंगाला, शेवटच्या वाडीच्याही पुढे आहे. सिमेंटचा एक हौद, त्यात ओढ्याचं पाणी खेळवलेलं, पाण्यात मासे. मुलांच्या हातात बांबूची काठी देतात, गळाला कणकेची गोळी. भुकेले मासे लगेच लागतात. पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचा नाही, असा तिथला नियम. ओगिवारा तोकुजींनी तो जाड ब्रशनं फळीवर लिहून ठेवला होता. मग मासा साफ करायचा, मीठ लावायचं, बांबूच्या काडीवर नागमोडी टोचून निखाऱ्याभोवती उभा करायचा. तोकुजी जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून हे सगळं त्यांची बायको मात्सुए करते. आजींचं वय एक्याऐंशी.

दर फेब्रुवारीत, पत्रक छापायला जाण्याच्या आधी, आजी बस पकडून नगरपालिकेत यायच्या. हातात घरी मुरवलेल्या पाल्याच्या लोणच्याची पिशवी. काउंटरपाशी उभ्या राहून म्हणायच्या, "आमच्या त्या तळ्यापायी यंदाही तुम्हाला त्रास."

मी म्हणायचो, "छे छे आजी, त्रास कसला! तळं आहे म्हणून तर लोक येतात."

"तसं आता सगळं जुनंच झालंय तिथं."

"जुनं आहे यातच गंमत आहे, आजी."

"हो का," असं म्हणून त्या कमरेतून वाकायच्या, मी वाकायचो, त्या परत वाकायच्या, मग बसची वेळ व्हायची. लोणचं उत्तम असायचं.

यंदा एप्रिलच्या शेवटी कोणीतरी इंटरनेटवर तळ्याला पाचपैकी एक तारा दिला. 'मासा आतून कच्चा होता. आजींनी तीनदा माफी मागितली आणि तीनदा तोच मासा परत भाजून आणला. चौथ्यांदा आम्हीच माफी मागून निघालो.'

आमचे विभागप्रमुख निरासावा, वय एकेचाळीस, प्रांताच्या कचेरीतून तीन वर्षांसाठी आलेले आहेत आणि दिवस मोजत आहेत. त्यांनी मला बोलावलं.

"त्सुकादा, हे वाचलंत?"

"वाचलं, साहेब."

"जाऊन या एकदा. पण जरा जपून बोला हं. आपल्याला त्या नकोशा झाल्यात, असं त्यांना वाटता कामा नये."

"त्या आपल्याला हव्याच आहेत, साहेब. चौकोन आठ आहेत."

"हां, तेच सांगा. जरा गोड करून."

मेच्या सुट्ट्यांतल्या दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. सकाळचे साडेदहा वाजले होते. रस्त्याच्या कडेला सतरा गाड्या लागल्या होत्या आणि अकरा कुटुंबं बादल्या घेऊन रांगेत उभी होती. रांगेच्या टोकाला, मासे कापायच्या फळीपुढे, आजी एकट्या सुरी चालवत होत्या. हात कोपरापर्यंत ओले. एक मासा साफ झाला की त्या गुडघ्यावर हात ठेवून उठायच्या, निखाऱ्यांपाशी जायच्या, परत यायच्या आणि बसताना 'हं' असा आवाज करायच्या. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. मी तो रोज संध्याकाळी घरी बूट काढताना करतो.

"अगं बाई, त्सुकादासाहेब! सुट्टीच्या दिवशी तुम्हाला वर पाठवलं त्यांनी?"

"सहज आलो, आजी. कसं काय चाललंय?"

"छान चाललंय की. थांबा, चहा टाकते."

रांगेतले अकरा बाप माझ्याकडे बघायला लागले. चहा झाला असता तर मी तिथून जिवंत परत आलो नसतो. मी कोट काढून झाडाला अडकवला आणि दुसरी सुरी उचलली.

"मला मासा साफ करता येत नाही, आजी."

"कुणाला येतो? पोटाकडून घ्या. घाबरू नका, तो मेलेला आहे."

तो मेलेला नव्हता. पण आपण त्या तपशिलात जायला नको.

दुपारपर्यंत मी बेचाळीस मासे साफ केले. आजींचे मोजले नाहीत. माझी पाठ गेली, बोटांत मीठ शिरलं आणि मला कळलं, की गेली बारा वर्षं मी पत्रकात 'आजींच्या हातचा ताजा मासा' असं जे लिहीत होतो, त्यातल्या 'हात' या शब्दाचा मी कधी विचार केला नव्हता.

दीडच्या सुमारास एक सहा-सात वर्षांची मुलगी बादली घेऊन आली. पिवळी टोपी, नाकाला शेंबूड. तिला मासा सोडून द्यायचा होता. आईनं फळी दाखवली, नियम वाचून दाखवला. मुलगी रडली. आजींनी मासा साफ केला, तरी ती रडतच होती. भाजून हातात दिला, तेव्हा रडत रडत खाल्ला. मग डोळे पुसून म्हणाली, "अजून एक."

दुसरा भाजेपर्यंत ती आजींच्या शेजारी उकिडवी बसली आणि त्यांचे हात बघत राहिली.

"आजी, तू रोज एवढे मारतेस?"

"तुम्ही म्हण," आई म्हणाली.

"तुम्ही रोज एवढे मारता?"

"सुट्टीत मारते, बाळा."

"तुम्हाला आवडतं?"

"नाही गं," आजी म्हणाल्या. सुरी थांबली नाही. "मला तर वाससुद्धा सहन होत नाही आता. बारा वर्षांत मी मासा खाल्लेला नाही."

"मग कशाला करता?"

"नगरपालिकेला हवं असतं ना."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. नगरपालिका कोण, हे तिला बरोबर कळलं होतं. मग तिला तिचा मासा मिळाला आणि ती गेली.

आमच्याकडे मोठ्या माणसांशी असं बोलत नाहीत. मोठ्या माणसानं विचारलं असतं, तर आजींनी 'सगळ्यांच्या कृपेनं' म्हटलं असतं. लहान मुलाशी कसला आडपडदा ठेवायचा! मी मध्ये बसलेलो आहे, हे त्या विसरल्या होत्या. लक्षात आलं तेव्हा त्यांनी मान खाली घातली आणि एकाच माशाला दोनदा मीठ लावलं.

"आजी," मी म्हणालो, "तळं बंद करायचंय तुम्हाला?"

"छे, तसं काही नाही. पोरीशी आपलं काहीतरी बोलायचं."

"आजी."

काडीवर मासा टोचत त्या म्हणाल्या, "हे गेले, तेव्हाच बंद करणार होते. पण मर्तिकाला तुम्ही आलात. काळा टाय लावून. उदबत्ती लावलीत आणि म्हणालात, 'तोकुजींचं तळं असंच चालू राहावं, ही शहराची इच्छा आहे.'"

"मी म्हणालो?"

"हो. तिथं, दारात उभे राहून."

मला आठवत नव्हतं. आठवायचं कारणही नव्हतं. विभागातर्फे मी वर्षाला आठ-दहा अंत्यविधींना जातो आणि सगळीकडे काहीतरी असंच चालू राहावं, अशी शहराची इच्छा असते. बेकरी असो, केशकर्तनालय असो. बाकी सगळ्यांनी ते ऐकून घेतलं, वाकले आणि पुढच्या महिन्यात शटर ओढून घेतलं. आजींनी बारा वर्षं मासे मारले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"दर फेब्रुवारीत सांगायला येत नव्हते का?"

"तुम्ही लोणचं द्यायला येत होता!"

"मग काय हात हलवत येऊ? तुम्हाला त्रास होतोय, जुनं झालंय, असं म्हणायचे. आणखी किती उघड सांगायचं माणसानं? आणि तुम्ही दर वर्षी 'तळं आहे म्हणून लोक येतात' म्हणायचात. म्हटलं, साहेब एवढं म्हणतायत, तर अजून एक वर्ष काढू."

मी सुरी खाली ठेवली. "आजी, दर जानेवारीत आमची बैठक असते. दर वर्षी कोणीतरी म्हणतं, पत्रकात तळ्याच्या जागी हायवेवरचं नवं आइस्क्रीमचं दुकान घालू. आणि दर वर्षी मी भांडतो. म्हणतो, आजी एकट्या आहेत, तळं हाच त्यांचा आधार आहे, त्यांचं नाव गाळलं तर त्या खचतील."

"अगं बाई! भांडता?"

"एकदा तर टेबलावर हात आपटला."

आजी हसायला लागल्या. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. मला हसू आलं नाही. नोकरीच्या तीस वर्षांत मी दुसऱ्या कशासाठीही टेबलावर हात आपटलेला नाही.

"नागोयाला लेक असते माझी," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "रोज फोनवर म्हणते, ये. मी म्हणते, शहराला गरज आहे. तिला वाटतं, मलाच यातून सुटायचं नाहीये."

तेव्हा मला काहीतरी बोलायला हवं होतं आणि तयार वाक्यं खूप होती. 'आपल्या इच्छेचा योग्य तो विचार करण्यात येईल.' 'हंगाम संपल्यावर आपण निवांत बोलू.' दोन्ही जिभेवर आली. दोन्हींचा अर्थ पुढच्या वर्षीही मासे, असाच होता.

"आज बंद करा," मी म्हणालो.

"आज? एवढी माणसं उभी आहेत."

"ही एवढी संपली की."

"मंगळवारी माशांची गाडी यायचीय हो. त्यांनी आमच्यासाठी राखून ठेवलेत."

मी मासेवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "किती कमी करू?" मी म्हणालो, "सगळे." तो म्हणाला, "बरं झालं. मागच्या वर्षी त्यांना बघून मलाच कसंतरी झालं होतं. पण म्हटलं, आपण कसं बोलायचं?" म्हणजे तोही आमच्यातलाच.

मग निरासावांना फोन केला.

"बंद? त्सुकादा, पत्रकं सहा हजार छापलीत! चौकोन आठ आहेत!"

"शिक्का राहील, साहेब. मासे नसतील."

"मासे नाहीत, तर लोकांनी तिथं जाऊन बघायचं काय?"

"ते मी बघतो."

"तुम्ही बघता म्हणजे?"

"हंगामभर सुट्टीच्या दिवशी मी इथं बसतो. शिक्का मारायला."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. बहुधा सुट्टीच्या भत्त्याचा नियम आठवत असावेत. शेवटी म्हणाले, "आजींना वाईट तर नाही ना वाटलं?"

"विचारून सांगतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

चार वाजता रांग संपली. हौदात एकवीस मासे उरले होते. ते आम्ही जाळीनं काढले आणि खालच्या वाडीतल्या घरांत वाटून टाकले. तिथल्या बायका वाकल्या, आजी वाकल्या, मी वाकलो, आणि पाठ आता खरोखरच सरळ होईना. परत वर आल्यावर आजींनी मला हौदाच्या कोपऱ्यातली पाणी अडवणारी फळी दाखवली. ती उचलायला दोघांचा जोर लागला. पाणी ओढ्याकडे जायला लागलं, तसा तळाचा चिखल आणि शेवाळ दिसायला लागलं. एक चप्पलही निघाली. आजींनी काही ते बघितलं नाही. "जरा पाठ टेकते," असं म्हणून त्या आत गेल्या, चटईवर पडल्या आणि दोन मिनिटांत घोरायला लागल्या.

पावणेपाचला एक गाडी आली. चालवणारा उतरला, हातात पत्रक. सात चौकोन भरलेले. मागे दोन मुलं, एक झोपलेलं, एक जागं.

"मासे?" त्यानं विचारलं.

"संपले."

"उद्या?"

"उद्याही नाहीत."

त्यानं रिकाम्या होत चाललेल्या हौदाकडे पाहिलं. "मग इथं बघायला काय आहे?"

माझ्याकडे विशेषणांचा पर्यटन विभागातल्या चौदा वर्षांचा साठा होता. 'निसर्गरम्य' होतं, 'अनोखा' होतं, 'अविस्मरणीय' तर नेहमीचंच.

"काही नाही," मी म्हणालो.

गाडीतून बायकोनं विचारलं, "काय म्हणतायत?"

"इथं काही नाहीये म्हणतायत."

"खरंच?" ती म्हणाली. तिनं दार उघडलं, बूट काढले आणि पाय बाहेर सोडून सीटवरच मागे टेकली. नवरा बाकावर येऊन बसला. जाग्या मुलानं स्वतःच शिक्का मारला, उलटा, आणि पत्रक आईच्या मांडीवर ठेवून दिलं. पाणी जात होतं. पाऊण तास ती माणसं तशीच होती. एकानंही फोटो काढला नाही.

निघताना नवऱ्यानं आवाज खाली करून विचारलं, "आत कोणी आहे का?"

"मालकीण आहेत. झोपल्यात."

"आमच्यामुळे उठतील की काय. कधी उठतात?"

"आता उठायचं काही कारण नाही," मी म्हणालो.