लाइनवरची चरचर

माझं काम माणसांना बोलतं करण्याचं. पक्षाघाताचा झटका येऊन ज्यांची वाचा गेली, त्यांना मी पुन्हा शब्द शोधायला शिकवते. पूर्वी हे दवाखान्यातल्या एका खोलीत चालायचं. गेली चार वर्षं मी घरूनच शिकवते, कॉम्प्युटरच्या पडद्यावरून, कारण माझ्या बहुतेक पेशंटना एक जिना उतरायचा म्हणजे अर्धा दिवस जातो. टेबल, दोन दिवे, चित्रांची कार्डं, आणि भिंतीतून आलेली टेलिफोनची तार, एवढाच माझा दवाखाना. इंटरनेटही त्या तारेवरच येतं. आमच्या गल्लीत दुसरी लाइन अजून पोचलेली नाही आणि मोबाइलला घरात फक्त न्हाणीघराच्या खिडकीत धड रेंज मिळते. तिथे बसून पेशंट कसा घेणार?

दोन महिने ही तार दगा देत होती. चालायची ती उत्तम, आणि मध्येच पेशंटचं तोंड उघडं राहायचं, डोळे मिटलेले, आणि चित्र गोठून जायचं. मोडेमवरचा हिरवा दिवा लुकलुकत बसायचा. पाच मिनिटांनी सगळं जागेवर. कंपनीचा माणूस तीनदा येऊन गेला, तिन्ही वेळा दुपारी दोनच्या सुमारास. तो आला की लाइन अशी शहाण्या मुलीसारखी वागायची की मीच खोटी पडायचे. फोनवरच्या बाई तर रोज नव्याने सांगायच्या, "मॅडम, मोडेम बंद करून चालू करा." मी तो इतक्या वेळा बंद-चालू केला होता की बटणावरची खूण पुसून गेली.

दुसऱ्या कोणाचं काम असतं तर चार शिव्या देऊन भागलं असतं. माझं तसं नव्हतं. माझ्याकडे एक बसड्रायव्हर काका यायचे. अठ्ठावीस वर्षं एकाच मार्गावर बस चालवलेला माणूस, आवाज खणखणीत. झटक्यानंतर त्यांना सगळं समजत होतं, पण शब्द ओठांपर्यंत येऊन परत जायचा. अशा माणसाला पाठ असलेली गोष्ट आधी सापडते. म्हणून मी त्यांना त्यांच्या मार्गावरचे थांबे म्हणायला लावले होते. अकरा थांबे. दीड महिन्याच्या मेहनतीने आम्ही चौथ्यापर्यंत पोचलो होतो. पण ते चौथ्याशी झगडत असताना इकडे माझा चेहरा गोठायचा, आणि त्यांना वाटायचं, आपण बोललेलं हिला कळलंच नाही. माणूस आतल्या आत मिटत चालला होता.

एका सोमवारी मी आत्याला फोन लावला.

माझी आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवर होती, एकतीस वर्षं. लोकांच्या तक्रारी आल्या की लाइनला कान लावायचा आणि दोष घरात आहे, खांबावर आहे की जमिनीखाली, ते सांगायचं, एवढंच तिचं काम. लाइनमन तिच्या शब्दावर रस्ता खणायचे. आता ती दुसऱ्या शहरात मुला-सुनेकडे असते आणि कुकरच्या शिट्टीवरून त्याची रिंग कधी बदलायला झालीय ते सांगते. मी तिला आधीच का विचारलं नाही? खरं सांगायचं तर मला वाटलं होतं, इंटरनेटमधलं तिला काय कळणार.

"म्हणजे दोन महिने तू त्या मोडेमची पूजा करत बसलीस?" ती म्हणाली. "अगं, इंटरनेट काय आणि बोलणं काय, जातं त्याच दोन तांब्याच्या तारांतून. मोबाइल ठेव. घरच्या फोनवरून लाव मला. आणि मग एक अक्षर बोलू नकोस. श्वाससुद्धा बाजूला घे."

मी घरच्या फोनवरून लावला आणि रिसीव्हर हातात धरून पुतळ्यासारखी उभी राहिले. मिनिटभर दोघी गप्प.

"घरघर नाही," आत्या म्हणाली. "चरचर आहे. बारीक, कढईत चार मोहऱ्या टाकाव्या तशी. घरघर असती तर विजेच्या तारेचा संसर्ग म्हटलं असतं. चरचर म्हणजे कुठेतरी जोड सैल आहे. घरात फोन किती?"

"दोन. एक निजायच्या खोलीत. कपाटामागून वायर ओढलीय."

"कोणी ओढली?"

"तुझ्या भावाने."

"मग विचारायलाच नको. काढून टाक ती."

मी कपाट सरकवलं, बाबांनी चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड उपटला आणि मोडेम भिंतीवरच्या पहिल्या सॉकेटला सरळ लावला. चरचर थांबली. "झालं," आत्या म्हणाली. "जा, कामाला लाग." मीही निर्धास्त झाले.

चार वाजता काका पडद्यावर आले. पाण्याची टाकी, जुनं पोस्ट, शाळा. मग बराच वेळ नुसते ओठ हलले, आणि मोठ्या कष्टाने "कापड... गि..." असं आलं, आणि लाइन गेली. सात मिनिटांनी परत आली तेव्हा समोर रिकामी खुर्ची होती. शेजारी त्यांच्या पत्नी, काकू.

"ते आत जाऊन पडलेत," काकू म्हणाल्या. "हाताने नाही म्हणून खूण केली. आता येणार नाहीत, असं दिसतंय. तुमचा दोष नाही हो, पण आता किती वेळा तोंडघशी पडायचं त्यांनी?"

मी म्हटलं, "काकू, उद्या चारला त्यांना फक्त खुर्चीत आणून बसवा. एकदाच. पुढचं मी बघते."

बोलून तर गेले. कशाच्या जोरावर, ते तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

मंगळवारी सकाळी आत्याला सगळं सांगितलं. वाटलं, ती वरमेल. छे.

"चुकलं माझं," ती म्हणाली, जणू बसची वेळ सांगावी तसं. "एक जागा कमी झाली. आता मला सांग, तुटतं कधी? अंदाजे नको. वेळ सांग."

ते माझ्याकडे होतं. प्रत्येक पेशंटच्या वहीत मी तास कुठे तुटला ते लिहून ठेवते. मी वह्या उघडून वाचत गेले. अकरा दहा. अकरा पंचवीस. बारा चाळीस. चार पाच. चार वीस. साडेपाच.

"एक ते चारमध्ये?"

मी पानं चाळली. "एकदाही नाही."

"रविवारी?"

"रविवारी माझे दोन तास असतात. तेही कधी तुटले नाहीत."

आत्या खूश झाल्याचं मला फोनवरून कळलं. "पोरी, तार रविवारची सुट्टी घेत नाही. सुट्टी घेतो माणूस. तुमच्या इमारतीत अकरा ते एक आणि चारनंतर कोण काम करतं?"

विचार करायची गरजच नव्हती. तळमजल्यावर दाताचे डॉक्टर आहेत. त्यांच्या पाटीवर हीच वेळ लिहिलेली आहे, आणि मी दिवसातून चारदा त्या पाटीसमोरून जाते.

"त्यांचं दात कोरायचं मशीन," मी म्हटलं.

"असेल. चालवून बघू."

दोन वाजता मी खाली गेले. डॉक्टर डबा खाऊन खुर्चीतच, म्हणजे पेशंटच्या खुर्चीत, आडवे झाले होते. उंच, गोरेपान, सदा उत्साही गृहस्थ. सगळं ऐकल्यावर ताडकन उठले. "माझ्यामुळे कोणाची बोलती बंद होत असेल तर ते फक्त खुर्चीत असताना व्हायला पाहिजे," म्हणाले. मी वर जाऊन आत्याला फोन लावायचा आणि खिडकीतून हात दाखवायचा, की त्यांची असिस्टंट रस्त्यावरून त्यांना इशारा देणार, असं ठरलं.

मशीन सुरू झालं. मला वरपर्यंत ते किरकिरणं ऐकू येत होतं. फोनवर आत्या ऐकत होती.

"काही नाही," ती शेवटी म्हणाली. "लाइन स्वच्छ आहे. चुकलं. पुढे."

माझा धीर खचायला लागला होता. घड्याळात अडीच. तेवढ्यात डॉक्टरांना राहवेना. काय झालं ते विचारायला ते स्वतःच रस्त्यावर आले, आणि त्यांच्यामागे इमारतीचं मुख्य दार धाडकन आपटलं. जड लोखंडी चौकटीचं दार आहे, वर स्प्रिंग. आम्हाला त्या आवाजाची इतकी सवय झालीय की तो ऐकूच येत नाही.

"थांब!" आत्या ओरडली. "आत्ता काय आपटलं?"

"दार. खालचं."

"आणि त्याच्या पाठोपाठ चरचर. त्यांना म्हणावं, परत आपटा."

मी खिडकीतून ओरडले. डॉक्टरांनी दार आपटलं. "अजून एकदा!" त्यांनी अजून एकदा आपटलं. समोरच्या गॅलरीत दोघी-तिघी येऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर त्यांना म्हणाले, "काळजी नको, तपासणी चालू आहे," आणि तिसऱ्यांदा आपटलं. मोडेमवरचा हिरवा दिवा माझ्या डोळ्यांदेखत लुकलुकायला लागला.

"सापडलं," आत्या म्हणाली. आवाज अगदी शांत. "दाराच्या आसपास भिंतीवर करड्या रंगाची पेटी असेल बघ. त्यांचे पेशंट येतात-जातात, दार आपटतं, भिंत हादरते आणि पेटीतली एखादी तार नाचते. कंपनीचा माणूस दोन वाजता आला की दार शांत. त्याला बिचाऱ्याला काय सापडणार?"

पेटी दारामागेच होती. दार उघडं असलं की ती झाकली जायची, म्हणून जाता-येता तिच्याकडे कोणाचं लक्षच जायचं नाही. आता मोबाइलवर आत्या, हातात माझा स्क्रूड्रायव्हर, आणि शेजारी डॉक्टर, कपाळावर दिवा लावून.

"पेटी इमारतीची आहे ना? कंपनीची नाही?"

"आमचीच. गेल्या वर्षी आम्हीच रंगवली."

"मग हात लावायला हरकत नाही. पण आधी घरातला मोडेम आणि फोन काढून ये. आणि तारेचं उघडं टोक बोटांनी धरू नका. तेवढ्यात कोणी फोन लावला तर घंटीचा करंट असा चटका देतो की देव आठवतो."

झाकण उघडलं. आत स्क्रूंच्या दोन रांगा, प्रत्येक मजल्याची एक जोडी. वरून सगळे घट्ट दिसत होते. माझी जोडी तिसरी. मी हिरमुसले, पण डॉक्टरांनी खिशातून दातांचा छोटा आरसा काढला, पट्टीच्या मागे सरकवला आणि मान वाकडी करून बघितलं.

"कीड आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "मागच्या बाजूने. समोरून कधीच दिसली नसती."

आरशात मलाही दिसलं. तांब्याच्या तारेवर हिरवी पूड साचली होती आणि तार स्क्रूपाशी केसाएवढी उरली होती.

"कापा तेवढी," आत्या म्हणाली. "वरचं प्लास्टिक बोटाच्या पेराएवढं सोला. तांबं नव्या पैशासारखं चकाकेपर्यंत खरवडा. आणि स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्याच दिशेने तार गुंडाळा, नाहीतर आवळताना बाहेर पडते. दुसरी तारही तशीच करा. एक सडली म्हणजे जोडीची निरोगी नसते."

डॉक्टरांचा हात दगडासारखा स्थिर होता. मी स्क्रू आवळला. मग त्यांनी जुन्या रबरी हातमोज्याची घडी करून दाराच्या चौकटीला चिकटवली, म्हणजे यापुढे दार टेकेल, आपटणार नाही. वर जाऊन घरच्या फोनवरून आत्याला लावला. तिने बराच वेळ ऐकलं.

"बोल आता," म्हणाली. "तुझ्या घरातली पाल चुकचुकतेय, ती आणि तू सोडून लाइनवर कोणी नाही."

तीन चाळीस झाले होते.

चार वाजता काकूंनी काकांना पडद्यासमोर बसवलं. त्यांचे हात छातीशी घट्ट, मान खिडकीकडे. मी कार्डं बाजूला ठेवली.

"काका, आधी माझं ऐका. काल तुम्ही 'कापड गि' म्हणालात. ते मी ऐकलं. त्यानंतर माझी लाइन गेली. खाली भिंतीवरच्या पेटीत तार कुजली होती. आज कापून, साफ करून पुन्हा बसवली. दोन महिने जे तुटत होतं, ते तुमच्याकडून नव्हतं. माझ्याकडून होतं."

त्यांनी मान वळवली. माझ्याकडे असं बघितलं, जसा ड्रायव्हर बस सुटल्यावर हात दाखवणाऱ्या प्रवाशाकडे बघतो. मग हात सोडले.

"पाण्याची... टाकी," ते म्हणाले.

खाली डॉक्टरांचे पेशंट यायला लागले होते. दार उघडल्याचं कळत होतं, मिटल्याचं नाही. काका जुन्या पोस्टावरून शाळेपाशी आले. कापड गिरणीला ओठ थरथरले, तीनदा मागे गेले. मी मदत केली नाही. हिरवा दिवा स्थिर होता आणि माझ्याकडे वेळ होता. "गिरणी," ते म्हणाले, आणि तिथून जणू चढ संपला. दवाखाना. मंडई. दोन पूल. एकेका नावाला दम घेत, कपाळावर घाम, ते शेवटच्या थांब्यावर येऊन टेकले आणि खुर्चीच्या हातावर त्यांनी एक थाप मारली.

मी बोटांवर मोजत होते. दहा झाले होते. मी काही बोलणार त्याच्या आत काकू म्हणाल्या, "अहो, बँक राहिली की!"

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर तो अठ्ठावीस वर्षांचा जुना वैताग आला.

"तिथं," ते म्हणाले. थांबले. "कोणी... उतरत नाही."

काकू हसायला लागल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावला. मी वहीत ते वाक्य लिहून घेतलं, कारण ते पाठ केलेलं नव्हतं. झटक्यानंतर त्यांनी स्वतः जुळवलेलं ते पहिलं वाक्य होतं.

त्याला आता तीन महिने झाले. लाइन एकदाही तुटलेली नाही. काका आठवड्यातून तीनदा येतात. परवा काकूंचा फोन आला, तक्रारीच्या सुरात.

"अहो, हे आता मला उलटून बोलायला लागलेत. काल भाजीत मीठ कमी, वर पंखा जोरात, आणि मी म्हणे फोनवर फार बोलते. एका दमात!"

"छान आहे की," मी म्हटलं. "पुढच्या आठवड्यापासून प्रश्न विचारायला शिकवणार आहे त्यांना."

"नको हो बाई," काकू म्हणाल्या. "उत्तरं देताहेत, तेवढं पुष्कळ आहे." आणि फोन ठेवायच्या आधी हळूच विचारलं, "कधीपासून म्हणालात?"