रोझाची माती

रोझाची शवपेटी चर्चच्या वेदीसमोर ठेवली होती. नवऱ्याच्या मारानं ती गेली, हे अंधेरीकडच्या त्या गावठाणात सगळ्यांना ठाऊक होतं. सांगायला मात्र ती जिन्यावरून पडली होती.

तिची मावशी कार्मेलिन आयुष्यभर सेमिनरीत, होऊ घातलेल्या फादरांना, ईश्वरविद्या शिकवत आली. बाईनं मार खाणं म्हणजे क्रूस वाहणं नव्हे, हेच तिनं पुस्तकापुस्तकांतून लिहिलं. फादर आल्विन तिचाच विद्यार्थी.

"आज प्रवचन मी करते," ती म्हणाली.

"मॅडम, बाईला मिस्साच्या उपासनेत प्रवचन करता येत नाही. तुम्हाला काय मी सांगायचं?"

"मग तू तरी खरं बोल रे."

फादर बोलला. रोझानं आपला क्रूस मुकाट वाहिला, म्हणाला. पहिल्या बाकावर नवरा रुमालानं डोळे पुसत होता.

कबरीपाशी एकेकजण मूठभर माती टाकू लागला. कार्मेलिननं माती उचलली, पण मूठ उघडेना.

"टाक गं बाय," मागून म्हातारी आग्नेस कुजबुजली.

"कशी टाकू? विहिरीवर गाणी म्हणत आपण पाणी आणलं, लग्नाच्या आदल्या दिवशी हिला न्हाऊ घातली. तेच अंग या माणसानं काठीनं मोडलं."

फादरनं घाईघाईनं प्रार्थना सुरू केली. आग्नेसनं माती टाकायला पुढे केलेला हात मागे घेतला. तिच्यामागच्या बायकांनीही मुठी मिटल्या.

शेवटी पुरुषांनी फावड्यांनी खड्डा बुजवला. परतताना बायका रोझाच्या दारापाशी थांबल्या आणि हातातली माती एकेकीनं तिच्या नवऱ्याच्या उंबऱ्यावर टाकली.